डब्याला दोष देण्यापूर्वी

घरातली एखादी वस्तू हरवली की पहिला संशय कोणावर जातो, हे का सांगायला हवे? घरच्या गड्यावर! मागाहून आंगठी न्हाणीघराच्या कोनाड्यात सापडते, पाकीट दुसऱ्याच सदऱ्याच्या खिशात निघते. पण तोवर गड्याची झडती होऊन गेलेली असते. त्याला आपली बाजू मांडता येत नाही आणि आपल्याला नीट शोधण्याचा कंटाळा असतो. या दोन गोष्टी जुळून आल्या की निकाल फार लवकर लागतो.

हल्लीच्या मोटारगाडीत असाच एक मुका गडी नोकरीस आहे. ॲल्युमिनियमचा, पुस्तकाएवढा चपटा डबा. कागदोपत्री त्याला ईसीयू किंवा ईसीएम म्हणतात. गॅरेजमध्ये नुसते ‘डबा’ म्हटले तरी कळते. एंजिनाचा हा संगणक. गाडी चालू होत नाही, मध्येच बंद पडते, झटके देते, पेट्रोल फार पिते, आणि कारण चटकन सापडत नाही, की मिस्त्री मान हलवून म्हणतो, “साहेब, डबा गेला.” डबा गेला म्हणजे मालकाचे तीस-चाळीस हजार गेले. आणि पुष्कळदा ते जातात तेव्हा डबा बिचारा धडधाकट असतो!

वर्षभर या सदरात आपण पाण्याचे पंप, शिलाईची यंत्रे, मिक्सर आणि पंखे यांच्या दुखण्यांचा विचार केला. मोटारीच्या या मेंदूबद्दल लिहा, अशी पत्रे बऱ्याच वाचकांकडून येत होती. विषय एका पानात बसणारा नव्हे, म्हणून दिवाळी अंकाची ऐसपैस जागा मिळेपर्यंत तो राखून ठेवला होता.

डबा करतो काय?

पूर्वीच्या गाडीत कार्ब्युरेटर असे. हवेत पेट्रोल किती मिसळावे हे त्यातली बारीक भोके ठरवीत आणि ठिणगी केव्हा पाडावी हे डिस्ट्रिब्युटर ठरवी. मिस्त्री कानाने ऐकून, एखादा स्क्रू अर्धा फेरा फिरवून गाडी वळणावर आणी. हे राज्य आपल्याकडे संपले ते धुरामुळे. २९ एप्रिल १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील नव्या मोटारींना जून १९९९ पासून युरो-एक आणि एप्रिल २००० पासून युरो-दोन या मर्यादा घालून दिल्या. इतका काटेकोरपणा कार्ब्युरेटरला झेपेना. पाठोपाठ देशभर पेट्रोलच्या नव्या मोटारींत इंजेक्शनची पद्धत आली आणि तिच्या पाठीवर बसून डबा आला. परदेशात तो त्यापूर्वीच रुळला होता. जर्मनीच्या बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची पद्धत १९६७ साली फोक्सवॅगन गाडीत आली, आणि पेट्रोल व ठिणगी हे दोन्ही कारभार एकाच संगणकाच्या हाती देणारी त्याच कंपनीची पद्धत १९७९ साली बीएमडब्ल्यूच्या गाडीत आली.

डब्याचे काम ऐकायला सोपे आहे. एंजिनाच्या क्रँकबरोबर एक दातेरी चक्र फिरते. पुष्कळ गाड्यांत त्याच्या साठ दातांपैकी दोन मुद्दाम गाळलेले असतात. ती फट सेन्सरसमोरून गेली की दट्ट्या कोठे आला आहे हे डब्याला कळते. एक सेन्सर आत येणाऱ्या हवेचा दाब सांगतो, दुसरा पाण्याची उष्णता, तिसरा पायाखालची झडप किती उघडली ते, चौथा धुरात प्राणवायू किती उरला ते. एवढ्यावरून डबा हिशेब करतो आणि सेकंदाच्या काही हजारांश भागापुरता इंजेक्टर उघडतो, योग्य क्षणी कॉइलचा प्रवाह तोडून ठिणगी पाडतो. चार सिलिंडरचे एंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर सेकंदाला शंभर ठिणग्या पडाव्या लागतात, आणि प्रत्येक आपापल्या क्षणी.

म्हणजे डब्याला स्वतःचे डोळे नाहीत आणि हातही नाहीत. डोळे सेन्सरचे, हात इंजेक्टरचे आणि कॉइलचे, जीव बॅटरीचा, आणि हे सारे जोडणारी तारांची जुडी. डोळ्यात कचरा गेला म्हणून कोणी मेंदूवर शस्त्रक्रिया करीत नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र आपण ती रोज करतो.

कोड म्हणजे निदान नव्हे

आपल्याकडे २०१० पासून टप्प्याटप्प्याने, आणि २०१३ पासून अधिक कडकपणे, मोटारीने आपल्या तक्रारी स्वतः नोंदवून ठेवाव्यात असा नियम झाला. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्याला स्कॅनर जोडला की डबा आपल्या तक्रारींचे आकडे सांगतो. सोय मोठी झाली. पण तिच्याबरोबर एक आळसही शिरला.

मासला म्हणून ‘पी ०१७१’ हा कोड घ्या. त्याचा अर्थ एवढाच की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. हा कोड दिसला की कित्येक ठिकाणी धुरातला प्राणवायू मोजणारा सेन्सर बदलून टाकतात. अहो, बातमी त्याने दिली, चोरी त्याने नव्हे केली! हवेच्या रबरी पाइपला चीर गेली असेल, पंप थकला असेल, फिल्टर तुंबला असेल, इंजेक्टर चोंदला असेल. ताप दाखवला म्हणून थर्मामीटर बदलणाऱ्या डॉक्टराकडे आपण पुन्हा जाऊ का?

काही कोड डबा स्वतःबद्दल देतो. ‘पी ०६०१’ म्हणजे माझ्या स्मरणातील हिशेब जुळत नाही. ‘पी ०६०६’ म्हणजे माझ्या मुख्य चिपचे काही खरे नाही. येथे संशयाला जागा आहे खरी. पण बॅटरी मरगळलेली असली किंवा अर्थिंगचा नट सैल असला तरी शहाणासुरता डबादेखील बरळू लागतो. तेव्हा येथेही आधी दाब मोजावा, मग बोलावे.

पिशवीतला डबा

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत बरीच वर्षे शिकवीत होतो. निवृत्तीनंतर मागच्या खोलीत मीटर, ऑसिलोस्कोप आणि सोल्डरिंगचे सामान मांडून बसलो आहे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी एक टॅक्सीवाले गृहस्थ आले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत डबा.

“मास्तर, हा गेलाय म्हणत्यात. तुम्ही बघा, न्हाईतर नवा घ्यावा लागंल. अडतीस हजार सांगितल्यात.”

“गाडी कुठं आहे?”

“गॅरेजमधी उभी हाय. चार दिस झाले.”

चार दिवस गाडी उभी म्हणजे चार दिवस चूल उसनवारीवर. महिन्याच्या दहा तारखेला हप्ता होता. घरच्यांच्या पाटल्या सोनाराकडे ठेवावयाचे ठरले होते. हे त्यांनी रडगाणे म्हणून सांगितले नाही, हिशेब म्हणून सांगितले.

मी म्हटले, “डबा परत नेऊन गाडीत बसवा. मी तिथं येतो.”

त्यांचा चेहरा उतरला. मी काम टाळतो आहे असे त्यांना वाटले असावे. पण सुटा डबा टेबलावर फार थोडे सांगतो. रोगी घरी निजवून त्याचे नुसते डोके दवाखान्यात आणण्यातलाच तो प्रकार.

गॅरेज माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याचे निघाले. पोरगा प्रामाणिक आहे. पण त्याच्या दारात आणखी सहा गाड्या उभ्या होत्या. त्याचे म्हणणे असे: किल्ली फिरवली तर एंजिनाचा पिवळा दिवा लागत नाही, स्टार्टर फिरतो पण ठिणगी नाही, पेट्रोल नाही, आणि स्कॅनर जोडला तर उत्तर नाही.

“मास्तर, डबा बोलतच नाही.”

“बोलत नाही म्हणजे मेलाच का रे? तोंड दाबून धरलं असेल कुणी!”

मग मी मालकांकडे वळलो. “बंद पडण्याआधी गाडीचं कसलं काम केलं होतं?”

“काय न्हाई. एसीचा पाइप बदलला, ग्यास भरला. तेवढंच. झाले आठ दिस.”

हे वाक्य मनात टिपून ठेवले आणि मीटर काढला.

बॅटरी साडेबारा व्होल्ट. स्टार्टर मारताना सव्वादहा. म्हणजे ठीक. डब्याच्या प्लगवर बॅटरीची सरळ तार आणि रिलेमधून येणारी तार, या दोन्हींवर पुरता दाब. नुसत्या मीटरवर विश्वासून भागत नाही. एका धाग्यावर लोंबणारी तारसुद्धा मीटरला बारा व्होल्ट दाखवते. म्हणून तेथे एक बल्ब लावून पाहिला. तो झगझगीत पेटला. डब्याची अर्थिंग आणि बॅटरीचे ऋण टोक यांत स्टार्टर मारताना एक दशांश व्होल्टसुद्धा फरक नाही. म्हणजे डब्याला अन्न-पाणी नीट मिळत होते.

आता पुढची पायरी. डबा आपल्या सेन्सरांना बॅटरीचे बारा व्होल्ट देत नाही. स्वतः तयार केलेले मोजके पाच व्होल्ट पुरवतो. पुष्कळ गाड्यांत एकच पाच व्होल्टांची वाट तीन-चार सेन्सर मिळून वापरतात. त्यातला एक जरी अर्थला टेकला तरी साऱ्यांचा पुरवठा बसतो, आणि काही गाड्यांत त्याच्याबरोबर डब्याची वाचाही बसते. थ्रॉटलच्या प्लगवर मोजले: पाचाच्या जागी शून्य दशांश एक!

एकेक सेन्सरचा प्लग काढीत गेलो. हवेच्या दाबाचा काढला, फरक नाही. थ्रॉटलचा काढला, नाही. एसीच्या गॅसचा दाब मोजणारा काढला, तरीही नाही. विद्यार्थी म्हणाला, “बघा मास्तर, सगळे काढले. राहिला डबाच.”

“आणि तारा रे?”

डब्याच्या प्लगमधून पाच व्होल्टांची ती एक पिन अलगद सोडवून बाहेर काढली. डब्याच्या त्या टोकावर मोजले, तर चोख पाच व्होल्ट. किल्ली फिरवताच पिवळा दिवा लागला, स्कॅनरला उत्तर आले. डबा निर्दोष सुटला! आता गुन्हेगार तारांत होता, आणि तो कोठे शोधावयाचा हे मालकांनी मघाशीच सांगितले होते. एसीच्या नव्या पाइपाजवळ गेलो. जुडी जागच्या जागी धरून ठेवणारी क्लिप पाइप बदलताना काढली होती, ती परत बसवलीच नव्हती. जुडी लोखंडी पट्टीवर आठ दिवस घासत होती. एका तारेचे तांबे उघडे पडून पट्टीला टेकले होते.

तारेवर नळी चढवली, टेप गुंडाळली, नवी क्लिप बसवली, पिन जागेवर घातली. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. त्या गृहस्थांनी काही न बोलता बाजूला जाऊन घरी फोन लावला आणि एवढेच म्हणाले, “सोनाराकडं जाऊ नगं.”

नवा डबा घेतला असता तर काय झाले असते? गाडी तशीच मुकी राहिली असती. वर आणखी एक अडचण: हल्लीच्या गाडीत किल्लीतली चिप आणि डबा यांची सांकेतिक ओळख ठरलेली असते. दुसऱ्या गाडीचा डबा, मग तो कुर्ल्याच्या भंगारबाजारातला असो की नवाकोरा असो, ती ओळख पटवून दिल्याखेरीज बहुधा एंजिन सुरू करू देत नाही. आणि विजेचा माल एकदा विकला की दुकानदार परत घेत नाही.

डबा खरोखर दोषी असतो तेव्हा

आता कोणी असे समजू नये की डबा बिघडतच नाही. टोयोटा कंपनीने ऑगस्ट २०१० मध्ये अमेरिका व कॅनडातील सुमारे अकरा लाख तीस हजार गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या होत्या. त्यांच्या डब्यांत सोल्डरच्या काही टाक्यांना किंवा दाबापासून रक्षण करणाऱ्या एका भागाला तडे जाऊन एंजिन बंद पडण्याचा संभव होता. १९९० नंतरच्या काही वर्षांतल्या मित्सुबिशी गाड्यांच्या डब्यांत कपॅसिटर पाझरून आजूबाजूचे तांब्याचे मार्ग खाऊन टाकीत, ही गोष्टही या धंद्यात प्रसिद्ध आहे. पाणी तर हाडवैरी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या बुडाल्या. पुष्कळ गाड्यांत डबा पायाजवळच असतो. अशा गाडीची किल्ली फिरवून पाहण्याचा मोह टाळावा. पाणी असताना वीज खेळली की तांबे झपाट्याने कळकते. आधी बॅटरी सोडवावी, मग डबा काढून, उघडून, स्वच्छ करून वाळवावा. वेळेवर केले तर पुष्कळ डबे वाचतात.

पण डबा दोषी ठरला तरी आणखी एक प्रश्न उरतो: त्याला मारले कोणी?

शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या एका बाईंची व्हॅन आली. तिसरा सिलिंडर काम करीत नव्हता. गॅरेजात तिसऱ्या आणि चौथ्या कॉइलची अदलाबदल करून पाहिली होती. दोष तिसऱ्यातच राहिला. म्हणजे आता कॉइल नव्हे. तिसऱ्या कॉइलपासून डब्यापर्यंतची तार अखंड होती, कोठे टेकलेली नव्हती. ऑसिलोस्कोप लावला; डब्याच्या पिनेवर तिसऱ्यासाठी हुकूमच निघत नव्हता. या गाडीत कॉइलचा प्रवाह जोडणारा-तोडणारा ट्रान्झिस्टर डब्याच्या पोटात होता. तो जळाला होता. येथपर्यंत ‘डबा गेला’ हे खरे.

तरी डबा उघडण्याआधी मी चारही कॉइल मोजल्या. मीटरच्या तारांचा स्वतःचा रोध वजा करता तिघींचा रोध सुमारे शून्य दशांश सात ओहम. चौथ्या जागी बसलेलीचा मात्र शून्य दशांश दोन. हीच मूळची तिसरी! तिच्या आतले वेढे एकमेकांना चिकटले होते. भलताच प्रवाह ओढून तिने तिसरा ट्रान्झिस्टर जाळला होता, आणि अदलाबदलीनंतर आता चौथ्याच्या उरावर बसली होती. नवा डबा घातला असता तर तोही तिने थोड्या दिवसांत खाल्ला असता. त्या व्हॅनमध्ये अकरा मुले बसत. गाडी भर रहदारीत दोन सिलिंडरांवर आली असती तर काय, याचा विचार आईबापांनी करावा.

कॉइल बदलली. डब्याचे झाकण गरम करून, चिकटवण कापून उघडले, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवलेला त्याच क्रमांकाचा ट्रान्झिस्टर बसवला, पुन्हा झाकण पाणबंद केले. ओळख-संकेत जुनाच राहिल्यामुळे किल्लीची कटकट नाही. प्रत्येक डबा असा दुरुस्त होतो असे नव्हे. मुख्य चिपच गेली असेल किंवा पाटी आतून कुजली असेल तर सरळ नवा घ्यावा. तेथे कंजुषी करण्यात अर्थ नाही.

शोधाचे पैसे

आता मालकमंडळींना दोन शब्द. गाडीवर वेल्डिंग करायचे असेल तर आधी बॅटरी सोडवायला सांगा. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची मदत घेताना धन-ऋण तारा उलट लागणार नाहीत हे स्वतः पाहा. आणि दसऱ्याला किंवा पाडव्याला गाडी पूजेसाठी धुताना बॉनेट उघडून जोराच्या फवाऱ्याने एंजिन धुऊ नका. ते पाणी प्लगांत शिरते आणि आठ-पंधरा दिवसांनी हिरवा कळंक धरून भलत्याच कोडांच्या रूपाने वर येते. एंजिनाला ओले फडके पुरते. झेंडूची माळ पुढे बांधा, हवी तेवढी.

शेवटची गोष्ट जरा कडू आहे. मिस्त्री डब्यावर संशय घेऊन मोकळा होतो, त्यात आपलाही वाटा असतो. नवा भाग हातात दिसतो, म्हणून त्याचे हजारो रुपये आपण मुकाट्याने देतो. दोन-अडीच तास वाकून केलेला शोध दिसत नाही, म्हणून त्याचे दोनशे रुपये मागितले तरी कपाळाला आठ्या घालतो, “केलंत काय? टेपच तर गुंडाळलीत!” म्हणतो. मग शोधणार कोण? जो भाग बदलतो त्याचे पोट भरते, जो दोष शोधतो तो उपाशी, असा व्यवहार आपणच चालवला आहे.

त्या टॅक्सीच्या बिलावर काय लिहावे, असा प्रश्न माझ्या विद्यार्थ्याला पडला होता. सामान सगळे मिळून सत्तर रुपयांचे. मी म्हटले, “वर ‘तपासणी’ लिही आणि खाली पंधराशेचा आकडा घाल.” तो संकोचला. टॅक्सीवाले मात्र खळखळ न करता पैसे मोजून मोकळे झाले. अडतीस हजारांतून पंधराशे वजा करण्याइतके गणित त्यांना उत्तम येत होते.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी “डबा गेला” हे शब्द कानावर पडले की भांडू नका, घाबरूही नका. शांतपणे एवढेच विचारा: “मोजून पाहिलंत का? किती भरलं?” चांगला मिस्त्री या प्रश्नाने रागावत नाही, खूश होतो. आणि मोजण्याचे पैसे मागितले तर आनंदाने द्या. नव्या डब्यापेक्षा ते नेहमीच स्वस्त पडतात.